चोपन्नाव्या वर्षी बारसं

योम ग्वांगहो यांचं नाव वयाच्या चोपन्नाव्या वर्षी केविन ठेवण्यात आलं. पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, कानात कुर्र करायला आत्याही नव्हती. कंपनीच्या सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून, मागे कॉफीचं मशीन घरघरत असताना हा सोहळा पार पडला आणि घरी परतेपर्यंत योम स्वतःचं नाव दोनदा विसरले.

त्याआधी ते विभागप्रमुख होते. सोलजवळच्या गुनपोतली त्यांची कंपनी यंत्रं बनवते. नूडल्सच्या पाकिटात सुपाच्या मसाल्याची इवलीशी पुडी असते ना, ती भरून चिकटवणारी यंत्रं. यंत्राचा आराखडा करणारे वेगळे, ते विकून जेवणावळी झोडणारे वेगळे. पण कुठे यंत्र बंद पडलं की गाडी काढायची ती योमनी. वरून या दुरुस्तीच्या विभागाला नाव मोठं भारदस्त होतं, आणि त्याच्या प्रमुखपदाला पोचायला त्यांची निम्मी हयात गेली होती.

आमच्याकडे माणसाचं नाव चालतं ते शाळा-कॉलेजपर्यंत. पुढे हुद्दा हेच नाव. योमना न्हावी प्रमुखसाहेब म्हणायचा, तळलेली कोंबडी विकणारा प्रमुखसाहेब म्हणायचा, गावाकडचे सासरेसुद्धा फोनवर ‘आहेत का प्रमुख घरात?’ असंच विचारायचे. बायको क्योंगरान रागावली की तीही ‘प्रमुखसाहेब, कचरा’ एवढंच बोलून पिशवी दारात ठेवायची. योमना स्वतःबद्दल फारसे गैरसमज नव्हते. ते स्वतःच सांगत, की आपली बुद्धी बेताची, इंग्रजी त्याहून बेताचं आणि केस तर विचारूच नका. देवानं एक हुद्दा तेवढा भरघोस दिलाय, त्यावर आपली झाकपाक होते.

आणि नेमका तोच गेला. झालं असं, की कंपनीचे मालक सोलला एका व्याख्यानाला गेले. तिथे कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की परदेशात कालचं पोरगंसुद्धा मालकाला नुसत्या नावानं हाक मारतं आणि म्हणून त्यांचे धंदे वाढतात. मालक परत आले ते पेटूनच. सोमवारपासून हुद्दे बंद. प्रत्येकानं एक इंग्रजी नाव घ्यायचं, मागे साहेब-बिहेब काही लावायचं नाही. शिवाय परदेशी गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून कामकाजाचे पन्नास इंग्रजी शब्द दर आठवड्याला पाठ करायचे. सोमवारी परीक्षा, गुण सगळ्यांदेखत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

नावं घ्यायच्या दिवशी सभागृहात दीडशे माणसं गप्प बसून होती. मालकांच्या आधी नाव घेणार कोण? मालक म्हणाले, अरे, आता सगळे सारखे, घ्या हवं ते. तरी कोणी तोंड उघडेना. शेवटी मालकांनीच ‘मॅक्स’ म्हणून टाकलं, मग उपाध्यक्षांनी घसा खाकरला, मग संचालकांनी, आणि हुद्दे रद्द करायचा हा कार्यक्रम हुद्द्याच्या उतरंडीनं अगदी शिस्तीत पुढे सरकला.

योमनी आठवडाभर खपून अलेक्झांडर हे नाव ठरवून आणलं होतं. आरशासमोर उभं राहून म्हटलं की छाती दोन बोटं पुढे येई. पण मालकच मॅक्सवर थांबले म्हटल्यावर हाताखालच्या माणसानं एवढं लांबलचक नाव घ्यायचं म्हणजे मालकाच्या छोट्या गाडीशेजारी आपली मोठी गाडी लावण्यासारखं झालं असतं. हे एकट्या योमनाच सुचलं असं नाही. क्रिस्टोफर ठरवून आलेले हिशेबखात्याचे प्रमुख ऐन वेळी टिम झाले. खाली खाली येता नावं इतकी आखूड होत गेली, की गोदामातल्या शेवटच्या माणसाच्या वाट्याला ‘एड’ आलं. योमनी घाईघाईत केविन म्हटलं. केविन कोण, कुठला, त्यांना आजतागायत माहीत नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. मालकांना नुसतं ‘मॅक्स’ म्हणायचं कसं? योमच्या जिभेला एवढ्या वर्षांची सवय. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि मागे ‘साहेब’ला शोधत घुटमळायचा. साहेब म्हटलं तर दंड म्हणून सगळ्यांना कॉफी पाजायची. मग योमनी एक तोड काढली. तोंडानं जेवढा मान कमी होईल तेवढा कमरेनं भरून काढायचा. पूर्वी ते मालकांना बेताचंच वाकून नमस्कार करत. आता ‘मॅक्स’ म्हणताना कपाळ जवळजवळ गुडघ्याला लागायचं. महिन्याभरात त्यांचं बघून अख्खा मजला असाच वाकायला लागला. बाहेरून कोणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, मॅक्स हा कुठला तरी जागृत देव आहे. कंपनीत समता आली आणि योमच्या कमरेवर औषधी पट्टी आली. रात्री ती पट्टी लावताना क्योंगरान म्हणायची, ‘बरं झालं मालकांनी नुसतं नावच बदललं. देशच बदलला असता तर तुम्ही लोटांगण घातलं असतं.’

राहिली शब्दांची परीक्षा. ती घ्यायची प्यो नावाची सव्वीस वर्षांची मुलगी, जी आता जॉय होती. पहिल्या सोमवारी योमना पन्नासात अकरा मिळाले. कंपनीच्या ड्रायव्हरला एकतीस. गुण वाचून दाखवताना बिचाऱ्या जॉयनं आवाज बारीक केला, त्यामुळे उलट सगळ्यांचे कान टवकारले गेले. योम घरी आले आणि शब्दांच्या चिठ्ठ्या करून घरभर चिकटवत सुटले. किमचीच्या फ्रिजवर डेडलाइन, भाताच्या कुकरवर फीडबॅक, संडासाच्या दारावर अलाइनमेंट. पाठ त्यांना काही होईना. होत होते ते बायकोला. ‘अहो सोरिमचे बाबा,’ क्योंगराननं एके सकाळी विचारलं, ‘स्टेकहोल्डर म्हणजे हो काय?’

योमनी ऐटीत सांगितलं, की एखाद्या कामात ज्याचं काहीतरी अडकलेलं असतं, काम फसलं तर ज्याचं नुकसान होतं, तो माणूस.

‘अस्सं. मग मी या घरातली स्टेकहोल्डर. कचऱ्याची डेडलाइन काल संध्याकाळी होऊन गेली आणि शेजारणीचा फीडबॅक फार वाईट आहे.’

योम निमूट कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरले. एवढं व्यवहारी इंग्रजी मॅक्सनासुद्धा येत नसेल, असं त्यांना वाटून गेलं.

शब्द वापरल्याशिवाय मुरत नाहीत, असं जॉय सांगायची. म्हणून योमनी इक्सानच्या एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात एक प्रयोग केला. तिथली मुकादम बाई जुनी ओळखीची. पुड्या फुटताहेत, पट्ट्यावर सगळा मसाला सांडलाय, माणसं शिंकून शिंकून बेजार झालीत, असं ती घायकुतीला येऊन सांगत होती. योमनी तिला शांतपणे सांगितलं, की आपला फीडबॅक अत्यंत मोलाचा असून आपण आधी सर्व स्टेकहोल्डरांचं अलाइनमेंट करून घेऊ. बाईंनी शिंक दाबली आणि काळजीनं विचारलं, ‘प्रमुखसाहेब, तब्येत बरी आहे ना तुमची?’ योम मुकाट्यानं बाह्या सारून यंत्राखाली शिरले. परत येताना गाडीत ते स्वतःवरच इतके हसले, की एक वळण चुकलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग नवी कार्डं आली. त्यावर एका बाजूला ‘केविन’ आणि खाली ‘कस्टमर सक्सेस पार्टनर’. दुसऱ्या बाजूला खरं नाव होतं, पण हुद्द्याची जागा कोरी. जुनी कार्डं जमा करायचा हुकूम निघाला. त्याच आठवड्यात विभागाची पुनर्रचना होऊन लिओ नावाचा एकोणचाळीस वर्षांचा तरुण सगळ्यांचं काम बघू लागला. तो योमशी अदबीनं वागायचा. तीच अदब योमना जास्त खुपायची, कारण जाणाऱ्या माणसाशीच आपण इतकं गोड बोलतो. हुद्दा सगळ्यांचाच गेला की आपलाच गेला आणि सोबतीला बाकीच्यांचा, हे त्यांना कळेना. विचारायची सोय नव्हती. विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करायचं?

आणि नेमकं याच सुमारास लेकीचं लग्न ठरलं. सोरिम दातांच्या दवाखान्यात काम करते. मुलगा दोह्योक, योंगजूकडचा, स्वभावानं सरळ. त्याचे वडील ह्वांगबो हे शाळेचे मुख्याध्यापक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अख्खं योंगजू त्यांना अजून मुख्याध्यापकच म्हणतं. त्यांचा हुद्दा काढून घ्यायची कुणाची टाप नव्हती. दोन्ही घरच्यांचं पहिलं जेवण जेचॉनमधल्या एका हॉटेलात ठरलं. आमच्याकडे साखरपुड्याहून हे जेवण अवघड. या जेवणात आमटी गार व्हायच्या आत मोडलेली लग्नं लोकांनी पाहिलेली आहेत. आणि सोरिमनं तिकडे केव्हाच सांगून ठेवलं होतं, की माझे बाबा विभागप्रमुख आहेत.

योमची झोप उडाली. दोन वडील भेटले की पहिल्यांदा कार्डांची देवाणघेवाण व्हायची, हे ठरलेलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या कार्डावर हुद्दा नाही याचा अर्थ आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतो. घरी बसवलेला, किंवा बसवायला काढलेला. त्यांना आपल्या अपमानाचं काही नव्हतं, त्यांचा तर धंदाच तो. पण लेक त्या घरात नांदायला जाणार, आणि पहिल्याच दिवशी तिनं थाप मारली असं ठरणार, हे त्यांना सोसवेना. ‘नका देऊ कार्ड, विसरलो म्हणा,’ सोरिमनं सुचवलं. पण मुख्याध्यापकासमोर ‘घरी विसरलो’ म्हणायचं म्हणजे गृहपाठ न केलेल्या पोराची गत. शेवटी योमनी जमा करायच्या गठ्ठ्यातून एक जुनं कार्ड हळूच मागे ठेवलं. जुनं वरच्या खिशात पुढे, नवं त्याच्या मागे. जुनं द्यायचं, विषय संपवायचा.

जेवणाच्या दिवशी क्योंगराननं त्यांना नवा कोट घातला, आणि सगळं कसं ठरल्याप्रमाणे सुरू झालं. ह्वांगबो उंच, ताठ, पांढऱ्या भुवयांचे. बोलणं मोजकं. त्यांची पत्नी गोल चेहऱ्याची, हसरी. पानं मांडली गेली, जेलीफिशची मोहरी लावलेली कोशिंबीर आली, खारवलेला मासा आला. ह्वांगबोंनी दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं. माजी मुख्याध्यापक, असं त्यावर ठसठशीत छापलेलं.

योम उठले, आणि त्यांच्या कमरेनं दगा दिला. सहा महिने मॅक्सपुढे वाकून वाकून तिला दुसरं काही येतच नव्हतं. कोण समोर आहे याचा विचार न करता ती थेट खालपर्यंत गेली. वरच्या खिशातून जुनं कार्ड निसटलं, त्याच्या पाठोपाठ नवं, आणि दोन्ही जाऊन खारवलेल्या माशाच्या ताटलीशेजारी एकमेकांना खेटून पडली. क्योंगराननं डोळे मिटून घेतले.

ह्वांगबोंनी दोन्ही कार्डं उचलली. रुमालानं एकाचा कोपरा पुसला. चष्मा कपाळावर सरकवून एक वाचलं, मग दुसरं. पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखी त्यांना कसलीच घाई नव्हती.

‘विभागप्रमुख योम ग्वांगहो,’ ते म्हणाले. ‘आणि हे केविन. यातले आपण कोणते?’

योमना वाटलं, शब्द कधी उपयोगी पडणार असतील तर ते आत्ताच. ते बोलू लागले. कंपनीनं सपाट रचना स्वीकारली आहे, गिऱ्हाइकांच्या यशात भागीदार होणं हे आपलं मिशन आहे, त्यासाठी सर्व स्टेकहोल्डरांचं अलाइनमेंट... असं म्हणता म्हणता त्यांना ऐकू यायला लागलं, की खोलीत आपण सोडून कोणीच बोलत नाहीये. सोरिम मान खाली घालून बसली होती. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी तिची चोरी पकडली गेली की असेच व्हायचे. आणि आज चोरी तिची नव्हती. योमचं वाक्य अर्ध्यात थांबलं. पुढचा शब्द त्यांना आठवत होता, पण नको वाटला.

‘मुख्याध्यापकसाहेब,’ ते म्हणाले, ‘खरं सांगतो. हे इंग्रजीत काय लिहिलंय ते मलाही नीट कळलेलं नाही. काम विचाराल तर कुठे यंत्र बंद पडलं, की शिव्या खायला एक माणूस पाठवावा लागतो. तो मी. विभागप्रमुख होतो तेव्हाही तोच होतो, केविन झालो तरी तोच आहे. सणासुदीलाच यंत्रं जास्त बंद पडतात, म्हणून ही पोरगी आजोळी जायची ती आईबरोबर एकटीच. आता हुद्दा काढून घेतलाय. सगळ्यांचाच काढलाय म्हणतात. मला घरी पाठवायची ही तयारी आहे की काय, ते मला खरोखर ठाऊक नाही. पोरीनं तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. तिनं सांगितलं तेव्हा मी प्रमुख होतो. तिला कमीपणा येऊ नये म्हणून जुनं कार्ड आणलं. माझं चुकलं.’

एवढं बोलून ते खाली बसले. सोरिमनं मान वर केली होती आणि ती बापाकडे बघत होती. इतक्या वर्षांत बाबा सणाच्या दिवशी कुठे जातात हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मोठ्या माणसांच्या मोठ्या बैठका असतील, असं तिला वाटायचं.

ह्वांगबो कार्डांकडे बघत राहिले. पत्नीनं त्यांना कोपरानं ढोसलं. ‘अहो, बोला की काहीतरी. घरी तर तोंडाचा पट्टा थांबत नाही.’ दोह्योक आपल्या वडिलांकडे असा बघत होता, जणू त्याचाच निकाल लागायचा होता.

‘एक विचारू?’ ह्वांगबो शेवटी म्हणाले. ‘शिव्या खाऊन नुसतेच परत येता, की यंत्र सुरू करून येता?’

‘सुरू केल्याशिवाय कसं येणार?’ योम गोंधळून म्हणाले. तसा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. ‘पट्टा फिरायला लागला, दहा-वीस पुड्या नीट पडल्या, की मगच निघतो.’

‘मग झालं तर.’

त्यांनी दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून आपल्या पाकिटात सरकवली. मग कोटाची बाही एका हातानं धरून तांदळाच्या दारूची किटली उचलली. त्यांच्या वयाच्या आणि मानाच्या माणसानं आधी ओतायची पद्धत नाही, म्हणून योम दचकून पेला दोन्ही हातांत धरून पुन्हा अर्धवट उठले. ह्वांगबोंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

‘बसा हो. कंबर मोडेल,’ ते म्हणाले. ‘घ्या, व्याही.’

योमनी पेला पुढे केला. या नात्याची हाक त्यांना कधी कोणी मारली नव्हती. सहा महिन्यांत कुणी कशानं हाक मारली तरी ती आपल्यालाच आहे हे कळायला त्यांना अंमळ वेळ लागायचा, पण या वेळी ‘ओ’ आपसूक निघाली. डोळे भरून आले, वाहायला लागले. विहीणबाई बघताहेत म्हटल्यावर योमनी रुमाल काढला आणि ही कोशिंबिरीतली मोहरी भलतीच झोंबली बुवा, असं म्हणून सगळ्यांना हसवलं. ह्वांगबोही हसले. पुढचा दीड तास लग्नाची तारीख, मंडप आणि पाहुण्यांची संख्या यावर सगळे यथेच्छ भांडले.

परतताना गाडी क्योंगरान चालवत होती, कारण व्याह्यांनी व्याह्यांना बरीच पाजली होती. सोरिम मागे झोपली होती.

‘सोरिमचे बाबा,’ क्योंगरान रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘ती मोहरीची कोशिंबीर तुमच्यापर्यंत पोचलीच नव्हती.’

योम खिडकीबाहेर बघत राहिले आणि तिनं एक हात स्टीअरिंगवरून काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.